घरगुती भूकंप

मागच्या वर्षी एका रविवारी दुपारी मी सिंगापूरच्या पुंगोलमध्ये भूकंप घडवून आणला. फार मोठा नव्हता. दहाव्या मजल्यावर आमच्या स्वयंपाकघरात सुरू झाला आणि नवव्या मजल्यावर मिसेस ओंग यांच्या दिवाणखान्यात संपला.

बायको आणि मुलगी लायब्ररीत गेल्या होत्या. घर रिकामं मिळालं की माणसं झोपतात, क्रिकेट बघतात. मी सासूबाईंनी दिलेला लोखंडी खलबत्ता टॉवेलात गुंडाळला, वॉशिंग मशीनच्या पिंपात ठेवला, मशीनच्या पोटाला मायक्रोफोन चिकटवला, कानाला हेडफोन लावले आणि स्पिनचं बटण दाबलं. मला हवी होती एक खोल, दबकी घरघर. मशीनने आधी घरघर केली, मग गुरगुर केली आणि मग ते चालायला लागलं. खरोखर चालायला. मागची नळी ओढत ते कपडे धुण्याच्या कोपऱ्यातून बाहेर आलं, ओट्याला खांदा मारून फ्रीजच्या दिशेने निघालं. भिंतीवरचं बटण आता त्याच्या मागे गेलं होतं. शेवटी मी त्याला पुढून मिठी मारून उभा राहिलो.

खाली मिसेस ओंगच्या भिंतीवरचं घड्याळ पडलं. सुमात्रात जमीन हलली की सिंगापूरच्या उंच इमारतींमध्ये कधीकधी दिवे झुलतात, हे त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी नात कडेवर घेतली, दिवंगत नवऱ्याचा फोटो काखेत मारला, पक्ष्याचा पिंजरा हातात घेतला आणि जिन्याने नऊ मजले उतरून तळाच्या मोकळ्या जागेत जमलेल्या म्हाताऱ्यांना भूकंपाची बातमी दिली. तिथेच त्यांना आमची मेधा आणि ईरा भेटल्या. सगळ्या मिळून वर आल्या तेव्हा मशीन थांबलं होतं. मी थांबलो नव्हतो, म्हणजे मिठी सोडली नव्हती.

"पा, व्हाय यू हगिंग द वॉशिंग मशीन?" ईराने विचारलं.

मेधाने झाकण उघडून आत बघितलं आणि एवढंच म्हणाली, "माझ्या आईचा आहे तो."

एवढं होऊन रेकॉर्डिंग ऐकलं तर त्यात वॉशिंग मशीनचा आवाज होता. फक्त वॉशिंग मशीनचा. एक म्हातारी बाई पिंजऱ्यासकट घराबाहेर पडली, पण ज्या बाईला घाबरवायचे मला पैसे मिळणार होते तिची पापणीही हलली नसती.

आता हा उद्योग काय आहे ते सांगतो. आमच्या ओळखीतली सगळी माणसं बँकेत, ऑडिटमध्ये नाहीतर आयटीत. कुणाच्या घरी वाढदिवसाला गेलो की नवा माणूस विचारतो, तुम्ही कुठल्या बँकेत? मी म्हणतो, मी सिनेमाला आवाज देतो. मग तो म्हणतो, "म्हणजे डबिंग?" नाही म्हटलं की, "म्हणजे डीजे?" इथे मी सोडून देतो. दोन जणांनी मुंजीची तारीखही विचारली आहे.

गोष्ट साधी आहे. पडद्यावर जे दिसतं ते एकदा चित्रित होतं, पण ऐकू येतं त्यातलं पुष्कळसं नंतर बंद खोलीत बसून तयार करावं लागतं. नायक बर्फावरून चालतो तेव्हा मी कॉर्नफ्लॉवरची पिशवी दाबत असतो. खलनायकाची मान मोडते तेव्हा शेवग्याची शेंग मोडलेली असते. आग म्हणजे चुरगळलेला सेलोफेन, पक्ष्याचे पंख म्हणजे कातडी हातमोजे आणि राक्षसाने माणूस फाडून खाल्ला की समजावं, त्या दिवशी आमच्या घरी पपई होती. मेधा भाजी आणायला निघाली की आधी विचारते, खायला किती आणि मारामारीला किती.

तोआ पायोहच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इमारतीत आमचा स्टुडिओ आहे. खाली बेकरी, त्यामुळे आमच्या सगळ्या खुनांना केकचा वास. मालक मिस्टर टॅन साठीचे, कमी बोलणारे. बरीच वर्षं आम्ही जाहिराती आणि कार्टून यांवर जगलो. गिऱ्हाइकं एकेक. एका नूडल्सवाल्याला नूडल ओढण्याचा आवाज "जरा श्रीमंत" हवा होता. मी तीन दिवस नूडल्स ओढल्या. शेवटी पास झाला तो आवाज मिस्टर टॅन दुपारचं सूप पीत असताना चुकून रेकॉर्ड झालेला. एका मोठ्या हॉटेलला लिफ्टमध्ये लावायला शांतता हवी होती. आमची पहिली शांतता त्यांनी "थोडी उदास आहे" म्हणून परत पाठवली. दुसरी घेतली. दोन्ही एकच होत्या, हे इथे पहिल्यांदाच सांगतोय.

अशा आमच्याकडे अख्खा सिनेमा आला. मिस चिया नावाची दिग्दर्शिका, तिशीची, लहानखुरी, प्लास्टिकच्या पिशवीतली कॉफी स्ट्रॉने पीत बसणारी. गोष्ट अशी: डोंगरातल्या एका सराईमध्ये प्रवासी उतरलेत, भूकंप होतो, रस्ता दरडीखाली जातो. वाचलेली माणसं एका खोलीत अडकतात आणि मग त्यांना कळतं की जमिनीखाली काहीतरी जागं झालंय. ते दिसत नाही. शेवटपर्यंत दिसत नाही. म्हणजे भूत दाखवायचं नाही, ऐकवायचं. म्हणजे भूत मीच.

पहिल्या भेटीत तिने मला सांगितलं होतं, की ती आणि तिचे वडील खरोखर अशा एका सराईमध्ये होते, ती कॉलेजात असताना. हलायच्या आधी आवाज आला. स्फोटासारखा नाही. पायाखाली कुणीतरी बोलतंय असा, आणि एकटं नाही, पुष्कळ जण. मग सगळं एकदम. वडिलांनी तिला ओढून दाराच्या चौकटीत उभं केलं म्हणून दोघं वाचले.

मी मान हलवली आणि मनात म्हटलं, दिग्दर्शक लोक असं काव्यात्मक बोलतातच. मग जाऊन तीन आठवडे स्फोट केले. मेघगर्जना उलट्या वाजवल्या, सेम्बावांगला जुन्या शिपयार्डाजवळ जाऊन साखळदंड लोखंडावर आपटले, एमआरटीची गाडी बोगद्यात शिरतानाचा आवाज घेतला, खलबत्ताही झाला. प्रत्येक वेळी मिस चिया डोळे मिटून ऐकायची, कॉफीचा शेवटचा घोट सुर्रकन ओढायची आणि म्हणायची, "नाइस. बट आय नॉट स्केअर्ड लेह."

चौथ्या 'नाइस'नंतर मिस्टर टॅननी मला खाली बेकरीत नेलं, समोर केक ठेवला. केक बघूनच मला कळलं. ते म्हणाले, निर्माते बँकॉकच्या स्टुडिओशी बोलतायत. महिनाअखेर भूकंप झाला नाही तर सगळा आवाज तिकडे जाईल. जाहिराती आता कॉम्प्युटरच करतो. सिनेमा गेला तर ध्वनी विभाग चालू ठेवून काय करू? ध्वनी विभाग म्हणजे मी.

बाहेरच्यांना कळणार नाही म्हणून सांगतो. मी इथे नोकरीच्या पासवर राहतो. पास त्या नोकरीला बांधलेला असतो आणि बायको-मुलीचे पास माझ्या पासला. एकाची गाठ सुटली की सगळी माळ ओघळते आणि महिनाभरात सामान आवरायचं. पन्नाशीतल्या, शेवग्याच्या शेंगा मोडणाऱ्या माणसाला दुसरी नोकरी महिन्यात कोण देणार? आणि ईरा सेकंडरी थ्रीत, म्हणजे आपली नववी. पुढच्या वर्षी तिची ओ लेव्हलची परीक्षा. इथे वाढलेली, मैत्रिणी इथल्या, पुण्यात गेली की रस्ता ओलांडायला आजीचा हात धरणारी.

घरी मी काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी झाडू घ्यायला कपाटामागे हात घातला तर तिथे सुपरमार्केटमधली खोकी उलगडून, सपाट करून, नीट दोरीने बांधून ठेवलेली. म्हणजे मेधाला कळलं होतं. कसं ते मला अजून माहीत नाही. मी झाडू घेतला आणि नसलेल्या कचऱ्यावर फिरवत बसलो. तीही काही बोलली नाही. आमच्या घरात इतकी उत्तम शांतता मी त्या हॉटेललाही विकली नव्हती.

बोलली ती ईरा. मी पाचवा भूकंप ऐकवला तेव्हा म्हणाली, "पा, डोन्ट अँग्री हां. साउंड लाइक वॉशिंग मशीन लाह."

त्याच आठवड्यात गणपती आले. आमच्या ओळखीतल्या पंधरा-वीस घरांचा मिळून एक गणपती असतो, देवधरांच्या काँडोच्या, म्हणजे सोसायटीच्या फंक्शन रूममध्ये. देवधरकाका म्हणजे आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ. मुंबईत हिशेबतपासनीस होते, निवृत्तीनंतर मुलाकडे आले आणि इथलेच झाले. वय ऐंशीकडे झुकलेलं, पाठ ताठ. आरतीची सूत्रं त्यांच्याकडे. एकही आरती गाळू देत नाहीत. टाळ्या ढिल्या पडल्या की मान वळवून बघतात. मोठ्या बँकेतले मोठे साहेब त्या नजरेसरशी टाळ्या सुधारतात.

आणि शेवटी मंत्रपुष्पांजली. वाचकहो, आपण सगळे आपले आहोत म्हणून बोलतो. किती जणांना ती येते? हातात फुलं धरून सगळे उभे राहतात, सुरुवात दणक्यात होते आणि दुसऱ्या ओळीपासून प्रत्येक जण आपापल्या वाटेने निघतो. कुणी स्वर धरून असतो, कुणी नुसतेच ओठ. आत्मविश्वास मात्र असा, की शेजारच्याला वाटावं, यालाच येते. मग शेवटचे दोन शब्द जवळ आले की सगळ्यांना अचानक सगळं आठवतं आणि छत उडेल असा एकच आवाज होतो. आमच्यात ती संपूर्ण येणारे एकटे देवधरकाका. म्हणून ते कायम सगळ्यांच्या दोन शब्द पुढे.

मी दर वर्षी आरती रेकॉर्ड करून पुण्याला आईला पाठवतो. त्या वर्षीही केली. मन नव्हतं. पुढच्या वर्षी ही फुलं कुठे धरणार, हाच विचार होता.

सोमवारी स्टुडिओत आईसाठी ती फाइल जरा साफ करावी म्हणून उघडली आणि इथे मी एक चूक केली. ती चुकीच्या जागी टाकली. स्फोटांसाठी मी कॉम्प्युटरमध्ये एक खण तयार ठेवला होता. त्यात जे पडेल ते आपोआप संथ आणि खर्जात जाईल, अशी योजना. संथ म्हणजे फार संथ. मी बटण दाबलं आणि चष्मा पुसायला घेतला.

आधी काहीच नाही. मग खोलीच्या तळाशी काहीतरी पुटपुटायला लागलं. एक तोंड नव्हे, चाळीस. प्रत्येकाची चाल वेगळी, दिशा वेगळी, शब्द कुणाचाच नाही. कान जे ऐकतो त्याच्या खालचं पोट ऐकतं. माझ्या पोटाने ते ऐकलं. ते वाढत गेलं, एकमेकांवर चढत गेलं. कपाटावरची टेपची रिकामी चकती किणकिणायला लागली आणि मग, जिथे सगळ्यांना सगळं आठवतं तिथे, एकच धक्का.

दार उघडलं. मिस्टर टॅन उभे होते, एक हात भिंतीवर. सबंध नोकरीत मी त्यांना भिंत धरलेलं बघितलं नव्हतं. त्यांनी विचारलं, हे काय होतं. मी म्हणालो, माझे मित्र आहेत, बँकेतले.

मिस चिया तासाभरात आली. ऐकलं. कॉफीची पिशवी तशीच हातात राहिली. म्हणाली, पुन्हा लाव. मग म्हणाली, हेच, पण फोनवर घेतलेलं आहे, त्यात भांडी वाजतायत, मूल रडतंय. थिएटरात चालणार नाही. नीट रेकॉर्ड करून दे. शनिवारी मी स्वतः येते. सोमवारी निर्मात्यांना उत्तर द्यायचंय.

म्हणजे शनिवारी चाळीस माणसं हवीत. आणि त्याआधी देवधरकाकांची परवानगी. देवापुढचं म्हणणं भुताच्या सिनेमात वापरायचं, हे मलाच जड जात होतं. मी त्यांच्याकडे गेलो, सगळं सांगितलं, नोकरीचंही. काकांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"सिनेमात भूत आहे?"

"आहे काका. जमिनीखाली."

"आणि आमचा आवाज कुणाला देणार तू, भुताला?"

"नाही. जमिनीला."

काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "जमिनीला सकाळी पाय लावायच्या आधी आपण क्षमा मागतो, मिलिंदा. तिने आपल्या आवाजात उत्तर दिलं तर काय बिघडलं? पण एक. शब्द कळता कामा नयेत."

"काका, कळणारच नाहीत."

"बाकीच्यांचे नाहीत रे. ते शब्द नसतातच. माझे कळतील."

मी वचन दिलं, की त्यांचेसुद्धा कळू देणार नाही. ते जरासे दुखावल्यासारखे वाटले.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मी ग्रुपवर निरोप टाकला: शनिवारी सकाळी तोआ पायोहला स्टुडिओत यावं, सिनेमासाठी मंत्रपुष्पांजली रेकॉर्ड करायची आहे. बस. तुमच्या चुका मला हव्या आहेत, हे चाळीस शिकल्यासवरल्या माणसांना लिहायची माझी हिंमत झाली नाही.

शनिवारी सगळे वेळेच्या आधी हजर. पुरुष झब्ब्यात, बायका नऊवारीत. रेकॉर्डिंग फक्त आवाजाचं आहे हे मी सांगितलं होतं, पण सिनेमा म्हणजे सिनेमा. बूट बाहेर काढून सगळे आत उभे राहिले. काचेपलीकडे मिस चिया आणि मिस्टर टॅन. मी लाल दिवा लावला.

आणि त्यांनी मंत्रपुष्पांजली म्हटली. बिनचूक. एका सुरात, एका लयीत, ऱ्हस्वदीर्घासकट. प्रत्येक शब्द घासूनपुसून लख्ख. मधे एके ठिकाणी तर सगळ्यांनी एकत्र श्वास घेतला. इतकं गोड होतं की खालच्या बेकरीत लावता आलं असतं.

मी हेडफोन काढले. संजय फाटक, आमच्यातला सर्वांत मोठा बँकवाला, अभिमानाने म्हणाला, "कशी वाटली? तुझा निरोप आल्यापासून काका रोज व्हिडिओ कॉलवर घेतायत. घोकून घेतलीय."

काका म्हणाले, "जग ऐकणार म्हटल्यावर उच्चार नकोत का शुद्ध?"

काचेपलीकडे मिस चियाने माझ्याकडे बघून मान किंचित हलवली. नाइस. ते ओठांवरून वाचता आलं.

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी म्हणालो, की तुम्ही दर वर्षी जसे चुकता तसे चुका. त्यासाठीच बोलावलंय. खोलीत असा काही सन्नाटा पसरला की तो वेगळा रेकॉर्ड करून ठेवायला हवा होता. फाटक म्हणाला, "इतकी वर्षं चुकत होतो तेव्हा कुणी विचारलं नाही. आता येतेय तर विसरू म्हणतोस?"

प्रयत्न केला बिचाऱ्यांनी. पण ठरवून चुकणं ही अवघड कला आहे. कुणी मुद्दाम अडखळायचं, कुणाला हसू यायचं, नितीन करंदीकरने तर मधेच एक इंग्रजी शब्द घातला. आलेली गोष्ट जाता जात नव्हती. तिसऱ्या खेपेला तीच शुद्ध, सुरेल, निरुपद्रवी मंत्रपुष्पांजली. मिस्टर टॅन घड्याळ बघत होते. मला कपाटामागची खोकी दिसत होती.

मेधा मागे भिंतीशी उभी होती. रेकॉर्डिंगनंतर सगळ्यांना द्यायला तिने पहाटे उठून मोदक केले होते, दोन मोठे स्टीलचे डबे. ती पुढे आली, एका डब्याचं झाकण काढलं, मोदकांवर तूप सोडलं आणि डबा सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला. मग माझ्याकडे नाही, काकांकडे वळून म्हणाली, "काका, आरतीशिवाय मंत्रपुष्पांजली कधी म्हटलीय आपण? पहिल्या आरतीपासून सुरू करा. सगळ्या म्हणा. प्रसाद शेवटी."

काकांचे डोळे चमकले. ही संधी त्यांना एरवी गणपतीतसुद्धा मिळत नाही. कुणीतरी मधेच "बास आता" म्हणतंच. इथे बास म्हणायची सोय नव्हती, लाल दिवा चालू होता. त्यांनी गणपतीच्या घेतल्या, शंकराच्या घेतल्या, देवीच्या दोन, विठ्ठलाच्या, दत्ताच्या घेतल्या, ज्या कुणीच ऐकल्या नव्हत्या अशा घेतल्या. उभं राहून, टाळ्या वाजवत. एसी आवाज करतो म्हणून बंद केला होता. नऊवारी भिजल्या, गळे बसले. सकाळी घाईत निघालेल्या चाळीस माणसांच्या नाकाशी ओल्या नारळाचा आणि वेलचीचा वास घुटमळत होता. चौदाव्या की पंधराव्या आरतीला मी बघितलं, फाटकचे डोळे काकांनी समोर ठेवलेल्या गणपतीच्या तसबिरीवर नव्हते, डब्यावर होते.

मग मेधाने प्रत्येकाच्या हातात फुलं दिली. काकांनी मंत्रपुष्पांजली सुरू केली.

एवढ्या दिवसांची घोकंपट्टी दुसऱ्या ओळीत गळून पडली. भुकेल्या माणसाला लय धरवत नाही. जो तो आपापल्या वेगाने प्रसादाच्या दिशेने निघाला. कुणी गाळत, कुणी गिळत, कुणी नुसताच हुंकारत. काका दोन शब्द पुढे, मागे चाळीस जणांची पुटपुट. लाटेवर लाट. माझ्या हेडफोनमध्ये ती सळसळ जमिनीसारखी पसरत गेली आणि शेवट दिसला तशी सगळी शर्यत एकत्र आली आणि जे काय दोन शब्द त्यांनी उच्चारले, ते मोदकांच्या इतक्या जवळून उच्चारले होते की काच थरथरली.

सगळे डब्यांवर गेले. मी काचेपलीकडे पळालो, ती फाइल त्या खणात टाकली, मोठ्या स्पीकरवर लावली.

मिस चिया खुर्चीत बसली होती. पुटपुट सुरू झाली तशी तिने हळूच बूट काढले आणि अनवाणी पाय जमिनीवर ठेवले. मग खुर्चीवरून उतरून खालीच बसली, तळवे जमिनीवर. धक्का आला तेव्हा तिने डोळे घट्ट मिटले. पलीकडून मोदक खाण्याचे आवाज येत होते, तेही फार छान होते.

"याह," ती म्हणाली. "दॅट वन. दॅट वन टॉक टू मी दॅट टाइम."

मिस्टर टॅननी एक मोदक उचलला, सगळीकडून बघितला आणि अख्खा तोंडात टाकला. सोमवारी निर्मात्यांनी बँकॉकला नकार कळवला. सिनेमा आमच्याकडेच राहिला, मिस चियाचा पुढचाही आमच्याकडेच ठरला. माझ्या पासच्या नूतनीकरणाचे कागद मिस्टर टॅननी न विचारता पुढे सरकवले आणि वर म्हणाले, "नेक्स्ट टाइम, फर्स्ट कॉल युवर फ्रेंड्स. देन बाय चेन." साखळदंडांचं बिल ते विसरले नव्हते.

एकच हळहळ राहिली. मिस चियाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: पायाखाली पुष्कळ जण बोलत होते. कान हेच माझं भांडवल, आणि ऐकून घ्यायचं तेवढं राहून गेलं. तीन आठवडे मी लोखंड बडवलं.

या वर्षी एप्रिलमध्ये सिनेमाचा पहिला खेळ झाला. आमचे चाळीसही जण आले होते, पुन्हा झब्ब्यात. मिसेस ओंगना सिनेमाचा पास द्यायला गेलो तर त्या म्हणाल्या, "नो नीड लाह, आय ऑलरेडी सी." देवधरकाका मधल्या रांगेत, पाठ ताठ. माझ्या एका बाजूला मेधा, दुसऱ्या बाजूला ईरा.

पडद्यावर सराईतले प्रवासी जेवायला बसले. कुणीतरी विनोद केला. हसू ओसरलं आणि त्याच्याखाली ते सुरू झालं. आधी कुणाला कळलं नाही. मग मी अंधारात बघितलं तर पुढच्या रांगेतल्या एका तरुणाने हळूच दोन्ही पाय जमिनीवरून उचलून सीटवर घेतले. मग त्याच्या शेजारणीने. मग आणखी एकाने. रांगच्या रांग पाय वर घेऊन बसली. धक्का बसला तेव्हा अख्खं थिएटर ओरडलं आणि त्या ओरडण्यात एक आवाज माझा होता. आपणच वाजवलेल्या भूकंपाला आपण ओरडलो हे मी कुणाला सांगणार नव्हतो, पण ईरा माझ्या दंडाला लटकलेली होती. तिला कळलं. "वा, पा," ती नखं तशीच रुतवून म्हणाली, "नॉट वॉशिंग मशीन."

खेळ संपल्यावर मिस चिया वडिलांना घेऊन आली. काठी टेकत चालणारे, शांत गृहस्थ. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, की तुम्ही तर तिथे नव्हता, तुम्हाला कसं कळलं? मी लांब उभ्या असलेल्या चाळीस जणांकडे बोट दाखवलं. ते हातवारे करत आपापला आवाज कुठे ऐकू आला यावरून वाद घालत होते. म्हाताऱ्याने त्यांच्याकडे बघून कमरेत वाकून नमस्कार केला. वाद थांबला. देवधरकाकांनी पहिल्यांदा हात जोडले, मग सगळ्यांनी.

परतताना पुंगोलच्या छोट्या एलआरटी गाडीत आम्हाला बसायला जागा मिळाली. ईरा कानात काहीतरी घालून मैत्रिणींना संदेश पाठवत होती. मेधा खिडकीबाहेर बघत होती. मी वाट बघत होतो. सगळ्यांनी पाठ थोपटली होती, एकीची थाप राहिली होती.

आमच्या इमारती दिसायला लागल्या तेव्हा ती म्हणाली, "भूकंपातसुद्धा काका दोन शब्द पुढेच होते. ऐकलंस ना?"

मी हो म्हणालो. ती उठली, पर्स खांद्याला लावली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. दार उघडायच्या आधी मागे न बघता म्हणाली, "कपाटामागची ती खोकी उद्या देवधरांकडे देऊन ये. गणपतीत आपलं मखर ठेवायला लागतील."